चांद्याच्या तुरुंगातला पिंपळ

आम्ही 16 ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जमतो. 1956 साली नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. त्याच शहरात 21 तारखेला आदिवासी बांधव शहिदाला अभिवादन करायला जिल्हा कारागृहाकडे निघतात, तेव्हा आम्ही घरी परतलेले असतो.

कारागृहाच्या आवारात पिंपळ आहे. 21 ऑक्टोबर 1858 रोजी इंग्रजांनी वीर बाबुराव शेडमाके यांना इथे फाशी दिली. वय अवघे पंचवीस. मोलमपल्लीच्या या गोंड जमीनदाराने राजगड परगणा ताब्यात घेतला, अडपल्ली-घोटच्या व्यंकटरावांना सोबत घेऊन कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेशी झुंज दिली. त्यांना पकडून दिले ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी. (फितुरीला जात नसते, वर्ग असतो!) बक्षीस म्हणून अडपल्ली-घोटची गावे मिळाली. 1857 म्हटले की मेरठ, झाशी, कानपूर. चांदा मात्र गाळला जातो. लेखणी ज्यांच्या हाती, त्यांनी आपलेच वीर आधी लिहिले.

घानाच्या अक्रा शहरात क्वामे एन्क्रूमांची समाधी आहे. जुन्या ब्रिटिश पोलो मैदानावर, जिथे 1957 च्या 6 मार्चला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले, तिथेच. साहेबांच्या खेळाची जागा त्या देशाने आपली केली. आमच्याकडे 2009 मध्ये शेडमाकेंचे टपाल तिकीट निघाले, पण पिंपळ तुरुंगाच्या भिंतीआडच, आणि तुरुंग चालू.

जयभीम म्हणणाऱ्यांनी 21 तारखेपर्यंत थांबून, जय सेवा म्हणणाऱ्यांसोबत त्या फाटकापुढे उभे राहायला काय हरकत आहे?