चित्राच्या पाठीवरची ओळ

छायाचित्रणाचा इतिहास सामान्यतः दोन प्रकारच्या माणसांभोवती लिहिला जातो. एक, नवी रसायने आणि नवी यंत्रे शोधणारे. दुसरे, ज्यांची चित्रे संग्रहालयांच्या भिंतींवर लागतात असे कलावंत. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा असतो. तो शोधक नसतो आणि कलावंत म्हणवून घेण्याची त्याची मनीषाही नसते. आपली गल्ली, आपले अंगण, वळणावरचे वडाचे झाड, पावसात वाहणारा ओढा असे काहीबाही तो टिपतो आणि चार ओळखीच्यांना दाखवतो. मराठीत आपण त्याला 'हौशी' म्हणतो. या शब्दात थोडे कौतुक असते आणि बरीचशी उपेक्षाही. हौशी रंगभूमी, हौशी गायक, तसाच हा हौशी छायाचित्रकार. धंदेवाईक नव्हे, म्हणून गंभीरही नव्हे, असा काहीसा आपला समज असतो.

परंतु सामान्य जीवनाचा दृश्य पुरावा म्हणून जे काही शिल्लक आहे, त्याचा फार मोठा भाग याच माणसाच्या हातून निर्माण झालेला आहे. तो पुरावा इतिहासाला कधी उपयोगी पडतो आणि कधी नुसता कागद उरतो? आमच्या मते याचे उत्तर चित्रापेक्षा चित्रासोबतच्या शब्दांत शोधावे लागते. चित्राखाली किंवा चित्राच्या पाठीवर एक ओळ असते, अथवा नसते. ती कोणी लिहिली, कोणाविषयी लिहिली आणि कोणाला तीतून वगळले, याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी तरी दुर्लक्षू नये, असे आम्हांला वाटते.

आरंभापासूनच पाहू. १८३८ साली लुई दागेर याने पॅरिसमधील 'बुलव्हार द्यु ताँप्ल' या रस्त्याचे एक चित्र घेतले. रस्ता वर्दळीचा, पण चित्रात तो ओस दिसतो. त्या काळी काचेमागच्या पट्ट्यावर प्रकाश काही मिनिटे पडू द्यावा लागे आणि जे हलत होते ते उमटतच नसे. घोडागाड्या गेल्या, पादचारी गेले. राहिला तो एक माणूस. तो बूट पुसून घेण्यासाठी एका पायावर भार देऊन थांबला होता, म्हणून उमटला. छायाचित्रात आलेला हा बहुधा पहिला माणूस. त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. त्याचे बूट पुसणारा तर पुरता उमटलाही नाही. त्याचे हात काम करीत होते, त्यामुळे तो पुसट डागासारखा दिसतो. छायाचित्रणाच्या पुढील इतिहासाची ही जणू नांदीच म्हणावी. थांबण्याची सवड ज्याला असते तो दिसतो; राबणारा अंधुक होतो; आणि नाव तर दोघांचेही उरत नाही.

आता मुंबईकडे येऊ. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांचे मंडळ स्थापन झाले. कलकत्ता आणि मद्रास येथील अशी मंडळे त्यानंतर, १८५६ मध्ये निघाली. मंडळात लष्करी अधिकारी आणि मुलकी नोकर होते, तसे काही एतद्देशीयही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे व्यवसायाने वैद्य आणि छंदाने छायाचित्रकार. ते या मंडळाच्या कामात पुढे होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले छायाचित्रकार तेथे घडले.

या हौशी मंडळींनी काढलेली चित्रे एकमेकांना दिसावीत म्हणून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात 'द इंडियन अमॅचर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाचे मासिक मुंबईतून काढले. त्याचे चोवीस अंक निघाले. प्रत्येक अंकात तीन छायाचित्रे असत. छायाचित्र कागदावर छापण्याचे तंत्र तेव्हा हाती आलेले नव्हते, म्हणून प्रत्येक प्रतीत खरीखुरी चित्रे चिकटवावी लागत. आसपासचे दृश्य टिपावे, ते समानधर्मीयांपर्यंत पोहोचवावे, ही आज आपल्याला अगदी अलीकडची वाटणारी हौस दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत अशी अंकाअंकाने वाटली जात होती.

पण या चित्रांखाली काय लिहिलेले असे? मासिकात 'पश्चिम हिंदुस्थानातील वेषभूषा आणि माणसे' अशा धर्तीची एक मालिका होती. तिच्यातली माणसे जातीच्या, पंथाच्या किंवा धंद्याच्या नावाने ओळखली जातात. कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तो एक विशिष्ट माणूस. मथळ्यात आला तो एक नमुना. याच जॉन्सनने पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील जातीजमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत एक गोष्ट फार बोलकी आहे. माणसांची चित्रे एकीकडे घेतलेली, पार्श्वभूमीची दृश्ये दुसरीकडची. आणि दोन्ही जोडून एक चित्र केलेले. म्हणजे नाव गेले ते गेलेच, पण ज्या जागी तो माणूस उभा होता ती जागाही गेली. परिसराची हौस म्हणून सुरू झालेल्या कामात माणूस परिसरापासूनच वेगळा काढला गेला.

ही एका जॉन्सनची लहर नव्हे. हिंदुस्थानची आठवण म्हणून चित्रांचा संग्रह असावा, ही गव्हर्नर जनरल कॅनिंग आणि त्यांच्या पत्नी यांची मूळ इच्छा होती. अनेक हौशी अधिकाऱ्यांनी चित्रे पाठवली. १८५७ नंतर मात्र त्या संग्रहाला सरकारी कामाचे रूप आले आणि 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात बाहेर पडला. त्यातील मजकूर केवळ वेष आणि व्यवसाय सांगून थांबत नाही. अमुक जमात विश्वासू, तमुक चोरटी, असे निवाडेही देतो. १८६९ मध्ये सय्यद अहमद खान आपल्या मुलांसह लंडनमध्ये होते. हा ग्रंथ त्यांनी इंडिया ऑफिसात पाहिला. चित्रे पाहत असताना एका तरुण इंग्रजाने त्यांच्या मुलाला, महमूदला विचारले, तुम्ही हिंदुस्थानी का? मुलाने होकार दिला खरा, पण तो ओशाळला, आणि आपण मात्र इथल्या मूळ रहिवाशांपैकी नव्हे, आपले पूर्वज बाहेरून आलेले, असे त्याने घाईने सांगितले. सय्यद अहमद यांनी हा प्रसंग व्यथित होऊन नोंदवला आहे. व्यथेचे कारण उघड आहे. चित्राखालची ओळ परक्या हातांनी लिहिली की चित्रातल्या माणसाला, एवढेच नव्हे तर त्याच्या देशबांधवालाही, स्वतःची ओळख नाकारावीशी वाटते. आणि ती नाकारताना तो आपल्याच माणसांना एक पायरी खाली ढकलतो, हे त्याहून दुःखद.

याच शतकाच्या अखेरीस खुद्द इंग्लंडमध्ये हौशी छायाचित्रकारांची एक निराळी चळवळ उभी राहिली. बर्मिंगहॅमच्या जेरोम हॅरिसन यांनी १८८९ च्या सुमारास अशी कल्पना मांडली की, हौशी मंडळींनी आपापल्या परगण्याची पद्धतशीर चित्रनोंद करावी. त्यातून वॉरिकशायरची पाहणी सुरू झाली. पुढे सर बेंजामिन स्टोन यांनी १८९७ मध्ये देशपातळीवर संस्था काढली. ती १९१० पर्यंत चालली आणि तिने चार हजारांहून अधिक चित्रे ब्रिटिश म्यूझियमच्या स्वाधीन केली. १९१६ मध्ये गोवर, जास्ट आणि टॉपली या तिघांनी 'द कॅमेरा ॲज हिस्टोरियन' हे पुस्तक लिहून या कामाची रीतच घालून दिली. चित्रात हातचलाखी नको, ते टिकाऊ पद्धतीने छापलेले हवे, आणि मुख्य म्हणजे त्यासोबत विषय, ठिकाण, तारीख आणि घेणाऱ्याचे नाव हवे. सौंदर्य दुय्यम, नोंद प्रमुख. एलिझाबेथ एडवर्ड्स यांनी २०१२ मध्ये याच नावाच्या ग्रंथात या चळवळीचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे एक हजार छायाचित्रकारांची जवळपास ५५ हजार चित्रे त्यांच्यासमोर होती. एवढी चित्रे अभ्यासता आली याचे बरेचसे श्रेय त्या चिठ्ठ्यांना आहे.

अर्थात या चळवळीचीही एक मर्यादा होती. जुनी चर्चे, लाकडी चौकटींची घरे, लोपत चाललेल्या चालीरीती यांकडे तिचा ओढा होता. धुराडी आणि कामगारवस्त्या तिला फारशा दिसल्या नाहीत. तरीही एक फरक लक्षात घ्यावा. साम्राज्याच्या दूरच्या प्रांतात चित्राखाली जात लिहिली जात होती, तर स्वतःच्या गावात गावाचे, वास्तूचे आणि चित्रकर्त्याचे नाव लिहिले जात होते. कॅमेरा तोच होता. जवळीक मात्र निराळी होती, आणि ती आधी शब्दांत उतरली.

दरम्यान हौसच स्वस्त झाली होती. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन याने पहिला कोडॅक विकायला आणला. पंचवीस डॉलर किंमत, आत शंभर चित्रांची फिल्म. ती संपली की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला आणि कॅमेरा मुलांच्याही हातात गेला. 'स्नॅपशॉट' हा शब्द मूळचा शिकारीचा, नेम न धरता घाईने झाडलेल्या गोळीचा. १८६० मध्ये जॉन हर्शेल याने तो छायाचित्राला लावला होता. त्याचा खरा अर्थ आता लोकांना कळू लागला. चित्रे भराभर वाढू लागली आणि शब्द मागे पडू लागले. ही उणीव कंपनीच्याही ध्यानात आली असावी. कारण १९१४ मध्ये कोडॅकने 'ऑटोग्राफिक' नावाचे कॅमेरे काढले. त्यांच्या पाठीला एक बारीक झडप असे. ती उघडायची, आतल्या फिल्मवर धातूच्या काडीने दोन शब्द लिहायचे, आणि ते शब्द चित्राशेजारी कायमचे उमटायचे. चित्र घेतानाच त्याची ओळ लिहिण्याची ही सोय काही वर्षे चालली आणि १९३२ च्या सुमारास बंद पडली. फिल्म राहिली, कॅमेरे राहिले. लिहिण्याची झडप तेवढी गेली.

मराठी घरांतला अनुभव याहून फार वेगळा नाही. आपल्याकडे शब्दांची सर्वाधिक काळजी घेतली जाते ती शाळेच्या गटचित्रात. पुढच्या रांगेतल्या मुलाच्या हाती पाटी, पाटीवर इयत्ता आणि सन. गौरवग्रंथांत आणि स्मरणिकांत 'बसलेले, डावीकडून' आणि 'उभे, डावीकडून' अशी नावांची माळ असते. ही माळ नीट वाचण्यासारखी असते. अध्यक्ष, चिटणीस, सदस्य सर्व आद्याक्षरांसह येतात. स्त्री असेल तर कित्येकदा 'सौ.' आणि नवऱ्याचे आडनाव एवढ्यावर भागवले जाते. आणि टोकाला उभा असलेला शिपाई एक तर 'शिपाई' असतो किंवा माळेत नसतोच. दागेरच्या रस्त्यावरचा बूट पुसणारा आपल्या स्मरणिकांतही असा भेटतो. घरगुती चित्रांची गत तर आणखी निराळी. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, नाव नसते. कारण 'आपल्या माणसांची नावे काय लिहायची' असे घरातल्यांना वाटते. ज्यांना ती तोंडपाठ असतात ती पिढी गेली की, आजी कोण आणि तिची जाऊ कोण हे सांगणारे कोणी उरत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना येथे रोलाँ बार्थ आठवेल. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅमेरा ल्युसिडा' या पुस्तकात त्याने आपल्या आईच्या बालपणीच्या एका चित्राविषयी पानेच्या पाने लिहिली, पण ते चित्र पुस्तकात छापले नाही. इतरांच्या लेखी ते असंख्य सामान्य चित्रांपैकी एक ठरेल, हे त्याचे म्हणणे. आमच्या विषयाच्या दृष्टीने हे उदाहरण नेमके उलट्या बाजूचे आहे. चित्र नाही, केवळ शब्द आहेत, आणि तरीही ती मुलगी वाचकाला दिसते. उलट आपल्या कपाटांत चित्रे आहेत आणि शब्द नाहीत; तेथे समोर असलेला चेहराही दिसेनासा होतो.

आज खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे. चित्राची तारीख आणि वेळ यंत्र आपोआप नोंदवते, सोय चालू असल्यास ठिकाणही. ऑटोग्राफिकची झडप पुन्हा उघडली, असे कोणी म्हणेल. पण यंत्राची नोंद नाते सांगत नाही. हा ओढा कोणत्या वर्षी बुजला, या ओट्यावर कोण बसत असे, चित्रातली बाई कोणाच्या शेतावर कामाला होती, हे तारखेवरून कळत नाही. २०१० मध्ये अनुषा यादव यांनी सुरू केलेल्या 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' या उपक्रमाचे महत्त्व म्हणूनच आम्हांला वाटते. लोक आपल्या घरातले जुने चित्र देतात आणि त्यासोबत त्या माणसाची हकिगतही देतात. 'द पीपल ऑफ इंडिया'मध्ये ज्यांच्याविषयी दुसऱ्याने लिहिले, त्यांच्या वारसांनी येथे स्वतः लिहिलेले आहे.

मराठीच्या वर्गात आपण कवितेची ओळ सोडवून दाखवतो, शिलालेखातील एका अक्षरावर तासभर बोलतो. मग विद्यार्थ्याच्या घरातल्या एखाद्या चित्रामागची कोरी जागा हाही भाषेचाच प्रश्न का मानू नये? नाव, गाव, साल, चित्र कोणी घेतले, चौकटीच्या कडेला उभा असलेला तो कोण, एवढे पाच प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून उत्तरे लिहून ठेवणे हे कुठल्याही विद्यार्थ्याला जमण्यासारखे काम आहे. ते करताना कडेच्या माणसाचे नाव आधी विचारावे, एवढेच आमचे सांगणे. मधल्या माणसाचे नाव बहुतेकांना माहीत असते.