दुरुस्तीच्या पोटी जन्मलेली सतार

भाचीचा साताऱ्याहून फोन आला तेव्हा ती रडायचीच बाकी होती. साठवलेल्या पैशांतून मागवलेली गिटार घरपोच आली होती. काळीभोर, चकचकीत, सोबत पिशवी, पट्टा आणि तारांचा जादा संच. पण तार दाबायची म्हणजे शिक्षा. आठ दिवसांत डाव्या हाताच्या बोटांची टोकं सोलली होती आणि एकही कॉर्ड धड वाजत नव्हता. जिथून घेतली तिथे तिने तक्रार केली. उत्तर आलं की मालात दोष नाही, हळूहळू सवय होईल.

मी म्हटलं, "गिटार घे, गाडी पकड आणि मिरजेला ये."

"मामा, मिरजेत तर सतारी करतात."

"म्हणूनच ये म्हणतोय."

सांगलीत राहणाऱ्याला मिरज म्हणजे घरामागचं अंगण. तिथल्या सतारमेकर गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना भोपळे टांगलेले दिसतात, लाकडाचा भुसा पायाला लागतो आणि कुठून तरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज येत असतो. पण या गल्लीची सुरुवात सतारीने झालेली नाही. ती झाली तलवारीने.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, पाणी देणारे लोक. तलवारी, भाले, कट्यारी हा त्यांचा पिढीजात धंदा. १८१८ साली पेशवाई संपली. पटवर्धनांचं मिरज संस्थान राहिलं, पण लढाया राहिल्या नाहीत आणि शिकलगारांच्या सहाणेवर येणारं पोलाद आटत गेलं. दरबारात मात्र गाणं होतं. गवई यायचे, सतारिये यायचे, आणि त्यांची वाद्यं उत्तरेतून आलेली असायची. अशा वाद्याची तबली (वरची पातळ फळी) फुटली, घोडी (तारांखालचा आधार) निखळली, खुंटी सैल पडली तर करायचं काय? रेल्वे यायला अजून काही दशकं होती. बैलगाडीच्या वाटेने ते उत्तरेत पाठवायचं म्हणजे त्याची आशाच सोडायची.

तेव्हा ज्यांच्या हाताला धातूची नजाकत माहीत होती, त्या शिकलगारांकडे काम आलं. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे भाऊ यांनी १८५०च्या सुमारास हा धंदा मिरजेत रुजवला असं मानलं जातं. आधी मोडलेलं वाद्य उघडायचं, आत काय आहे ते बघायचं, जोडायचं, परत वाजतं का ते ऐकायचं. अशी वाद्यं जोडता जोडता एक दिवस त्यांनी नवंच वाद्य उभं केलं. मला या कुळकथेतली हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. मिरजेचा कारागीर आधी दुरुस्ती शिकला आणि मग निर्मिती. वाद्य कुठे दुखतं हे ज्याला कळलं, त्यानेच ते घडवलं. पुढे या घरांतून शिकलगार हे आडनाव मागे पडलं आणि सतारमेकर हे नाव लागलं.

लाकूड मिळत होतं. अडचण होती भोपळ्याची. सतारीला किंवा तंबोऱ्याला लागतो तो कडू भोपळा, तोही मोठा, गोल आणि जाड सालीचा. भाजीच्या भोपळ्याचा इथे काही उपयोग नाही. तो मिळाला पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेकाठच्या रानांत. आजही तिथलेच शेतकरी तो पिकवतात. वेलीवरच पक्का होऊ दिलेला भोपळा वाळवून मिरजेला येतो. कारागीर तो पाण्यात भिजवतो, वरचा भाग कापतो, आतला गर आणि बिया काढतो आणि तोंड आकसू नये म्हणून आत बांबूच्या काड्यांचा ताण देऊन पुन्हा सुकवतो. मग गळा, दांडी, तबली, खुंट्या. लाकूड बहुधा तुणीचं, हलकं आणि तांबूस. एक चांगला तंबोरा हातावेगळा व्हायला तीन-चार आठवडे लागतात, आणि घाई केलेली सुरात लगेच कळते.

आता नावाबद्दल थोडं. सतार हा शब्द फारसीतल्या 'सेह-तार' वरून आला. सेह म्हणजे तीन. मूळच्या तीन तारांच्या सात झाल्या, खाली आपोआप झंकारणाऱ्या तरफेच्या तारा आल्या, पण नाव तेच राहिलं. हिंदीने त्याचं सितार केलं, मराठीने सतार. (साताऱ्याचं नाव मात्र सतारीवरून आलेलं नाही. अजिंक्यताऱ्याच्या सतरा तटांवरून ते पडलं असं सांगतात.) गिटार या शब्दातला शेवटचा 'टार' ऐकून आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की तोही आपलाच तार. तसं वाटणं गोड आहे, पण ते नातं सिद्ध झालेलं नाही. ग्रीकांचं 'किथारा' हे वाद्य, त्यावरून अरबी 'किथारा', त्यावरून स्पॅनिश 'गितारा', असा तो प्रवास. शब्दांचं कूळ वेगळं आहे. वाद्यांचं नातं आहे ते कारागिराच्या हातातून.

फरीदसाहेब मिरजेत भोपळे भिजवत होते त्याच काळात स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेस नावाचा सुतार आजच्या गिटारचा आकार ठरवत होता. अंगाने मोठी, कमरेत बारीक, आणि पातळ तबलीच्या आतून पंख्यासारख्या लावलेल्या पट्ट्या. १८६२ साली या तोरेसने एका गिटारची पाठ आणि कुशी चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. तबली तेवढी लाकडाची ठेवली. आवाज तबलीतून येतो हे त्याला दाखवायचं होतं, असं मानतात. ती पुठ्ठ्याची गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपलेली आहे. तिकडे पुठ्ठा, इकडे भोपळा. भोपळ्याच्या पोकळीवर ज्यांनी घराणी गाजवली त्या आपल्या लोकांना तोरेसचं म्हणणं वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

स्वस्त गिटार निवडताना हीच एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं काम होतं. पाच-सात हजारांच्या गिटारची तबली सहसा प्लायची असते, म्हणजे पातळ थर चिकटवलेली. ती हवामान सोसते. साताऱ्याच्या पावसाळ्यात हा लहान गुण नाही. पण आवाज थोडा बंद राहतो. अखंड लाकडाची तबली उघडी बोलते, वाजवत गेलं तशी खुलते, पण जपावी लागते. दोन-चार हजार जास्तीचे हाताशी असतील तर ते फक्त तबलीवर घालावेत. पाठ आणि कुशी प्लायच्या असल्या तरी काही बिघडत नाही. चकाकी, नक्षी, शिंपल्याची पट्टी, आतून जोडलेलं विजेचं पिकअप यांवर पहिल्या वाद्यात पैसा घालणं मला तरी चूक वाटतं.

परवडणाऱ्या वाद्याचा प्रश्न मिरजेला नवा नाही. दरबारापुरता तंबोरा घरोघरी गेला तो संगीताचे वर्ग निघाल्यावर. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुसकर मिरजेत गवई बाळकृष्णबुवांकडे शिकले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून बसले. त्यांच्या शिष्यांनी गावोगावी वर्ग चालवले आणि शिक्षकांच्या, कारकुनांच्या मुली गाणं शिकू लागल्या. त्यांना राजेशाही तंबोरा नको होता, सुरात लागणारा हवा होता. मिरजेने तो दिला. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थायिक झाले. १९३७ साली ते गेले आणि ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात त्यांना दफन केलं. दर वर्षी तिथे गवई हजेरी लावतात. अशा कानाच्या माणसांच्या शेजारी बसून इथल्या कारागिरांनी वाद्यं लावली आहेत.

सांगलीचा आणखी एक माणूस इथे आठवतो. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. तारेची लांबी मोजून श्रुतींचा (सूक्ष्म स्वरांतरांचा) हिशोब मांडायचा त्यांना ध्यास होता. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. गिटार विकत घेताना मला देवल आठवतात, कारण सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. स्वर हलला तर पडदा बोटाने सरकवता येतो. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले असतात. ते चुकले की चुकलेच. म्हणून दुकानात आधी बारावा पडदा तपासायचा. त्याच्यावर तारेला नुसतं बोट टेकवून छेडायचं, मग तिथेच तार दाबून छेडायचं. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. फरक कानाला खटकत असेल तर पेटीत बंद करून ती गिटार परत द्यावी, कितीही देखणी असली तरी. मग प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार दाबून बघायची, कुठे झणझणते का ते ऐकायला. पाच मिनिटं लागतात. दुकानदाराने ती दिली नाहीत तर दुकान बदलावं.

भाचीच्या गिटारचे पडदे बरोबर होते. दुखणं दुसरीकडे होतं.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते चाचा सत्तरीचे असतील. मांडीवर तंबोरा आडवा घेऊन जवारी काढत होते. घोडीच्या पाठीवर कानस हलकेच फिरवायची, भुसा फुंकायचा, तार बसवायची, छेडायची, तारेखाली सुती धागा सरकवायचा, परत छेडायची. घोडीचा तो उतार केसाएवढा चुकला तरी तार मुकी होते किंवा कर्कश वाजते. आम्ही वीस मिनिटं गप्प बसलो. अचानक तारेने गुंजन धरलं. आवाज लांबत गेला आणि भाचीने माझा हात घट्ट धरला.

मग त्यांनी गिटार हातात घेतली. ती डोळ्यासमोर धरून दांडीच्या टोकाकडून पाहिलं. दांडी सरळ होती. बाराव्या पडद्यापाशी तार आणि लाकूड यांच्यातल्या फटीत त्यांनी पेन्सिलचं टोक घातलं. ते सहज गेलं.

"हे बघ बेटी," ते म्हणाले, "तार इथं अडीच मिलिमीटरवर पाहिजे. ही दुप्पट वर आहे. बोट नाही सोलणार तर काय होणार?"

त्यांनी तारा सैल केल्या, घोडीच्या खाचेतली प्लास्टिकची पांढरी पट्टी काढली, तिच्यावर पेन्सिलने रेघ मारली. फरशीच्या तुकड्यावर सँडपेपर पसरून ती पट्टी घासायला लागले. पण उलटी धरून, खालच्या बाजूने.

"सतारीची घोडी वरून घासतात," त्यांनी मान न उचलता सांगितलं. "तिची पाठच बोलते. हिची पाठ नाही बोलत. हिची पाठ बिघडवायची नाही, खालून उंची कमी करायची. घाई करायची नाही. काढलेलं परत लावता येत नाही."

तीनदा घासलं, तीनदा बसवून पाहिलं. मग जुन्या जाड तारा फेकून बारीक तारांचा संच लावला आणि सूर लावून गिटार भाचीच्या मांडीवर ठेवली. तिने जी मेजर धरला. सहाही तारा वाजल्या. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

चाचांनी तारांखेरीज दीडशे रुपये घेतले.

मला या गोष्टीचं दुःखही आहे, ते लपवत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्हींना स्वतंत्र मिळालं आणि त्याचा आनंद खराच आहे. पण मोबाइलमध्ये फुकटचा तंबोरा वाजतो, रियाजाला तो पुरतो असं पुष्कळांना वाटतं, आणि महिनाभर एका भोपळ्यावर बसायला तरुण मुलं तयार नसतात. काहींनी प्रवासात नेता येतील असे बिनभोपळ्याचे छोटे तंबोरे काढले आहेत. ते विकले जातात आणि ते चांगलेही आहेत. तरीही जवारी काढणारा हात नुसत्या मानांकनाने तयार होत नाही. रोज काम आलं तरच तो हात टिकतो.

आणि काम आहे. सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली, जत, कुठेही जा, प्रत्येक गल्लीत एक तरी गिटार भिंतीला टेकून उभी आहे. गोव्याहून, चित्रपटातून, गावच्या जत्रेतल्या ऑर्केस्ट्रातून ती इथे आली आणि आता कोलकात्याच्या कारखान्यांतून, चेन्नईहून, परदेशातून खोक्यात बंद होऊन येते. त्यातल्या कितीतरी गिटारी वाईट नसतात. त्या नीट लावलेल्या नसतात, एवढंच. कारखान्यात शेवटचा हात फिरवायला वेळ नसतो. तो शेवटचा हात देणारी माणसं आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ आहेत.

गिटार घ्यायला निघालेल्या प्रत्येक मुला-मुलीला आणि त्यांच्या आई-वडिलांना माझं एवढंच सांगणं आहे. हातात जेवढे पैसे असतील त्यातले हजार रुपये आधी बाजूला काढा. उरलेल्यात जी बसेल ती साधी गिटार घ्या. ते हजार रुपये तारांसाठी आणि कारागिराच्या हातासाठी ठेवा. गिटार पाठीला लावून एका सकाळी मिरज स्टेशनवर उतरा आणि सतारमेकर गल्ली कुठे आहे ते विचारा. कुणीही सांगेल.