हिवाळ्यातलं नैराश्य आणि उजेडाचा उपचार

दर वर्षी ठरावीक महिन्यांत मन उदास होतं, झोप वाढते, गोड खावंसं वाटतं. ऋतू पालटला की सगळं निवळतं. पेशंट हे सांगताना बहुधा "माझाच आळस असेल, डॉक्टर" असंही म्हणतात. या तक्रारीला वैद्यकशास्त्रात नाव मिळायला १९८४ साल उजाडलं.

त्याआधी, १८९८ मध्ये, 'बेल्जिका' हे जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलं होतं. मे महिन्यात मावळलेला सूर्य सुमारे सत्तर दिवस उगवलाच नाही. माणसं सुस्त आणि खिन्न झाली, काहींचं मानसिक संतुलन बिघडलं. जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कूक त्यांना कपडे उतरवून पेटत्या शेगडीसमोर उभं करत. स्कर्व्हीसाठी ते पेंग्विन आणि सीलचं ताजं मांसही खायला लावत, त्यामुळे नेमका गुण कशाचा हे सांगणं कठीण. पण सूर्याच्या अभावाने माणूस आजारी पडतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

पुढे अमेरिकेत, १९८० मध्ये, अल्फ्रेड लेवी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रखर प्रकाशाने माणसाचं रात्री स्रवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक दबतं. घरातल्या साध्या दिव्याला ते जमत नाही, असं त्यांना तेव्हा आढळलं होतं. त्याच सुमारास एक इंजिनिअर आपल्या मूडच्या अनेक वर्षांच्या नोंदवह्या घेऊन तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आला. दिवस लहान झाला की आपण खचतो, हे त्यानेच शोधलं होतं! डॉक्टरांनी पहाटे आणि संध्याकाळी त्याला प्रखर उजेडात बसवून त्याचा दिवस लांबवला. काही दिवसांतच तो सावरला. मला या सगळ्यात त्या वह्यांचं मोल फार वाटतं. नंतर नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी अशा २९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो १९८४ मध्ये.

ओस्लोत डिसेंबरचा दिवस सहा तासांचा असतो, मुंबईत जवळपास अकरा. त्यामुळे तिकडचं सगळं आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही. तरी जुलैत ढगांमुळे दिवसभर घरात बसणाऱ्यांनी सकाळी थोडं बाहेर पडावं. ढगाळ आकाशाचा उजेडही खोलीतल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. मूडची नोंद वहीत ठेवा. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे या. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी. उपचाराचा दिवा मात्र परस्पर मागवू नका. डोळ्यांचे काही आजार किंवा बायपोलर असेल तर तो अपायकारक ठरू शकतो.