मिरजेतल्या मुलांची संध्याकाळ

कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराच्या मुलाचे डोळे उत्सवात फटाका उडून अधू झाले. पुस्तक वाचणं अवघड झालं, शाळा मागे पडली आणि घरच्यांनी त्याला मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती सोपवलं. विष्णू दिगंबर पलुस्कर ते हेच. जन्म १८७२ चा. १८९६ मध्ये मिरज सोडून ते बाहेर पडले तोवर त्यांचं सगळं तरुणपण या गावात आणि या एका विद्येत गेलं.

त्या काळी गुरूच्या घरी राहिलेल्या मुलाला ‘आज कुठला वर्ग’ हा प्रश्नच पडत नसे. पहाटे खर्ज लावायचा, मग घरातली कामं, मग बुवा गातील तेव्हा तंबोरा धरून मागे बसायचं आणि कानावर पडेल ते मुरू द्यायचं. खुद्द बाळकृष्णबुवांनीही पोरवयात घर सोडून, हाल काढून ग्वाल्हेरची गायकी मिळवली होती. अशा घराण्यात मुलाने आणखी काही शिकावं की नाही, हे विचारायला जागाच नव्हती. आणि मुलाला काय हवं, हेही कोणी विचारत नव्हतं. ही विद्या मिळायची ती कीर्तनकाराच्या, गवयाच्या, दरबाराशी संबंध असलेल्या घरातल्या मुलग्यांना. बाकीच्या मुलांना गाणं देवळाच्या ओट्यावर किंवा दर्ग्याच्या उरुसात जेवढं कानी पडेल तेवढंच.

बाकीच्या मुलग्यांना तालीम होती. मिरजेपासून कोल्हापूर जवळ, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आधार इतका मोठा, की १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि पेठेपेठेत तालमी भरभराटल्या. आमच्या आजोळी, कोल्हापुरात, माझे मामा लहान असताना संध्याकाळी तालमीत जायचे. तिथे लाल माती उकरणं हाच पहिला व्यायाम. मग जोर, बैठका, मोठ्यांच्या अंगाला माती लावणं. त्याच तालमीचा गणपती, त्याच तालमीत मोहरमचे पंजे, त्याच तालमीची पोरं पुढे फुटबॉल खेळायला लागली. आजही कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल ही नावं फुटबॉलच्या मैदानावर गाजतात, ती मूळ तालमींची. मुलगा एका दारातून आत जायचा आणि व्यायाम, सण, खेळ, भांडण, मैत्री सगळं तिथेच व्हायचं. त्याने किती गोष्टी केल्या हे मोजायला कुणी बसलं असतं तरी मोजता आलं नसतं.

मुलींची संध्याकाळ हादग्यापुरती आणि मंगळागौरीपुरती. फेर, फुगड्या, गाणी यांतून ताल त्यांच्याही अंगात येत होता. पण तालमीची माती त्यांच्यासाठी नव्हती आणि रागदारी शिकणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं, असं पांढरपेशा घरांत मानलं जाई. गाणारी बाई म्हणजे कलावंतीण, हे समीकरण पक्कं होतं. मुलांना हल्ली फार वर्ग झाले अशी तक्रार कानावर आली की मला आधी या मुली आठवतात. त्यांच्यासाठी एकही वर्ग नव्हता.

तो वर्ग उघडला पलुस्करांनी. ५ मे १९०१ ला लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. त्याआधी १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज निघाला होता, बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा चालू होती. पण पलुस्करांनी दरबाराचा आधार न घेता, लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींच्या बिदागीवर शाळा काढली. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, छापलेली पुस्तकं, स्वरलिपी, परीक्षा. भक्तिपर आणि सोज्ज्वळ शब्दांच्या चिजा निवडल्यामुळे घरंदाज लोक मुलींनाही पाठवायला तयार झाले. १९०८ मध्ये मुंबईत शाखा आली. मिरजेचे विनायकराव पटवर्धन लहान वयात लाहोरला त्यांच्याकडे गेले, मिरजेचेच बी. आर. देवधरही त्यांच्या शिष्यांतले. पलुस्करांचं निधन १९३१ मध्ये याच गावात झालं, आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. पुढच्या वर्षी विनायकरावांनी पुण्यात विद्यालय काढलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही वाट त्यातून घराघरांत पोचली.

या कामाबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नाही. मी स्वतः त्याच वाटेने आले. माझ्या आजीला पेटीला हात लावायची मुभा नव्हती, आईला होती पण पाहुणे आले की झाकून ठेवावी लागे, आणि मी विशारद होऊन त्याच घरात १९८२ पासून गाण्याचा वर्ग घेते आहे. तीन पिढ्यांत एवढं अंतर पडलं ते त्या परीक्षांमुळे. प्रमाणपत्र भिंतीवर लागलं की सासरचेसुद्धा बोलायचे थांबत.

पण तासाचा वर्ग आणि पायऱ्यांची परीक्षा यांबरोबर आणखी एक गोष्ट आली. गुरुगृहीचा अख्खा दिवस जाऊन आठवड्याचे दोन-तीन तास उरले, म्हणजे बाकीची संध्याकाळ मोकळी झाली. पलुस्करांच्या पद्धतीत ती मोकळीक रियाजासाठी होती. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलांना तर ते कराराने वर्षानुवर्षं आपल्याजवळच ठेवत, कारण तासाभरात गवई होत नाही हे त्यांना पुरतं माहीत होतं. सामान्य घरातल्या मुलासाठी ती उरलेली वेळ म्हणजे नुसती रिकामी जागा झाली. रिकामी जागा दिसली की भरावीशी वाटते.

ती भरायला बराच काळ गेला. माझ्या लहानपणी, साठच्या दशकात, मिरजेत गाण्याचा एक वर्ग असला तरी पुष्कळ. सतारमेकर गल्लीतून जाताना तारा जुळवण्याचे आवाज ऐकू येत, तिथे थांबून आम्ही भोपळे रंगवताना बघत असू. कोणाचा भाऊ शाखेत, कोणाचा सेवा दलात. राष्ट्र सेवा दल १९४१ पासूनचं. कवायत, गाणी, कलापथक असं सगळं एकाच छपराखाली मिळे. मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणून मुलांच्या नाटकाची वेगळी वाट पाडली, आणि सुट्टीतली नाट्यशिबिरं हळूहळू आमच्याकडेही पोचली. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा शाळेतले ड्रॉइंगचे सर बसवत. चौथीची स्कॉलरशिप हुशार मुलांपुरती होती. हे सगळं होतं, पण एका मुलाच्या आठवड्यात एकत्र नव्हतं.

एकत्र यायला लागलं ते नव्वदनंतर. घरात दोघं नोकरी करणारे झाले, आजी-आजोबा गावाकडे राहिले, वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहिली आणि मुलांना संध्याकाळी सोडायला अंगण राहिलं नाही. शाळेतून आलेल्या मुलाला सहापर्यंत कुठे तरी सुरक्षित ठेवायचं, ही आईची खरी गरज होती. वर्ग ती भागवत होता. कराटे, स्केटिंग, मग अ‍ॅबॅकस. २००९ च्या सुरुवातीला टीव्हीवर ‘लिटल चॅम्प्स’ची महाअंतिम फेरी झाली. त्या जूनमध्ये माझ्या दारात चार-पाच वर्षांची मुलं घेऊन पालक उभे होते. कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित ही पाच मुलं खरोखर गाणारी होती आणि त्यांनी घराघरांत नाट्यसंगीत पुन्हा ऐकवलं, याचा मला आनंदच आहे. पण पडद्यावर गाणं दिसत होतं, त्यामागचे रिकामे तास दिसत नव्हते. पुढे २०१७ मध्ये शासनाने शास्त्रीय कलांच्या परीक्षा आणि चित्रकलेच्या ग्रेड यांना दहावीच्या निकालात वाढीव गुण दिले. तेव्हापासून सातवी-आठवीत नाव घालायला येणारे पालक पहिल्यांदा विचारतात की दहावीपर्यंत किती परीक्षा होतील. कलेला मान मिळावा हा त्या निर्णयामागचा हेतू चांगला आहे. मला काळजी वाटते ती पहिलीतल्या मुलाची, कारण हिशेब आता तिथपर्यंत मागे सरकला आहे.

सहा-सात वर्षांचं मूल गाणं कसं शिकतं हे मी इतकी वर्षं जवळून पाहते आहे. ते रियाजाला बसत नाही आणि बसवूही नये. सोमवारी भूपाचा आरोह शिकवला की मंगळवारी ते बूट घालताना गुणगुणतं, बुधवारी आंघोळीत चुकीचा निषाद घालून म्हणतं, गुरुवारी वर्गात येतं तेव्हा निम्मं काम आपोआप झालेलं असतं. ज्या मुलाचा मंगळवार कराट्याला, बुधवार अ‍ॅबॅकसला दिलेला आहे, ते गुरुवारी येतं तेव्हा आरोह सोमवारी होता तिथेच असतो. त्याची बुद्धी कमी नसते. गुणगुणायला वेळ मिळालेला नसतो. विष्णू दिगंबरांना बुवांच्या घरी जे मिळालं त्यातलं मारणं-राबणं नको, जातीचा आणि मुलगा असण्याचा अडसर तर नकोच नको. पण ऐकलेलं मुरायला मिळालेला अख्खा दिवस, त्यातला थोडा तरी आपल्या मुलांना परत द्यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

बालशिक्षणातल्या मोठ्या माणसांनी हे केव्हाच ओळखलं होतं. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं, ताराबाई मोडकांनी ते काम मराठीत आणलं आणि १९४५ मध्ये बोर्डीला, पुढे कोसबाडला नेलं. तिथलं मूल हाताने काम करतं, गातं, नाचतं, मातीत खेळतं, आणि त्यातलं कुठलंही वेगळ्या फीचं नसतं. पुण्यात शोभा भागवतांनी १९८५ पासून गरवारे बालभवनात तेच शहरातल्या मुलांसाठी केलं. एका मैदानात सगळं, आणि नंबर कुणाचाच नाही. तालमीचं जे चांगलं होतं ते तिथे मुलींसकट सगळ्यांना मिळालं. माझ्या मते प्रत्येक तालुक्याच्या गावाला असं एक ठिकाण हवं. ते झालं तर आठवड्याला पाच वर्गांची फी भरणाऱ्या कितीतरी आया सुटकेचा श्वास टाकतील.

ते होईपर्यंत पालक विचारतात, बाई, याला किती ठिकाणी घालू? मी त्यांना आठवड्याच्या सात संध्याकाळी कागदावर लिहून काढायला सांगते. आठ वर्षांपर्यंत एकच वर्ग, आठवड्यातून दोनदा, घरापासून चालत जाता येईल असा. दुसरी गोष्ट खेळ असावी, पण तो शिकवणारा कुणी नसला तरी चालेल. निदान चार संध्याकाळी कागदावर कोऱ्या राहिल्या पाहिजेत. दहाव्या वर्षानंतर मुलाने स्वतः मागितलं तर दुसरा वर्ग, आणि तो घेताना पहिला सोडायची मोकळीक. एका मुलीने तीन वर्षं गाणं शिकून मल्लखांबासाठी माझा वर्ग सोडला. तिची आई माफी मागायला आली होती. मी म्हटलं, ताई, तिला दोरीवर चढताना ताल उपयोगी पडेल, तुम्ही निश्चिंत जा.

ज्यांच्या घरी संध्याकाळी कोणी नसतं त्यांचा प्रश्न वेगळा आहे. अशा मुलांना मी वर्ग संपल्यावर घरातच थांबू देते. ती माजघरात पत्ते खेळतात, भांडतात, कधी पेटीवर बोटं फिरवतात. त्या वेळेची फी मी घेत नाही आणि त्या वेळेत मी त्यांना काही शिकवतही नाही. आणि सात वर्षांखालच्या मुलाचा प्रारंभिकचा फॉर्म मी भरत नाही. एप्रिलची परीक्षा चुकली तर नोव्हेंबरची असते, ती चुकली तर पुढच्या वर्षाची असते.