चीवर : चिंधीपासून व्याजापर्यंत

भिक्खूंच्या वस्त्राला आपण 'चीवर' म्हणतो. संस्कृतात 'चीर' म्हणजे फाडलेली पट्टी, चिंधी, झाडाची सालसुद्धा. आपलं 'चिरगुट' त्याच कुळातलं दिसतं. म्हणजे शब्दाच्या पोटातच गरिबी आहे. उकिरड्यावरचे, स्मशानातले तुकडे धुवायचे, शिवायचे, सालीमुळांच्या काढ्यात रंगवायचे. या काढ्याला कषाय म्हणतात, म्हणून तो रंग काषाय. फकिराची 'कफनी'ही अशीच, अरबी 'कफन' म्हणजे प्रेतवस्त्र, त्यावरून आलेली. मेलेल्याचं कापड जिवंतपणी अंगावर घ्यायचं, हा विचार दोन्हीकडे आहे. कोणी कोणाकडून उसना घेतला असं मानायची मला तरी गरज वाटत नाही.

विनयपिटकात एक गोष्ट येते. बुद्धांनी मगधातली बांधाबांधांची भातशेती आनंदाला दाखवली आणि विचारलं, वस्त्र असं बेतता येईल का? आनंदाने बेतलं. वैशाखऱ्याच्या माणसाला हे समजावायला नको. नाणेघाटातून खाली बघा, खाचरं आणि बांध. तेच चीवर.

त्याच नाणेघाटातल्या सातवाहन लेखात यज्ञांची दक्षिणा मोजली आहे, गाई, घोडे, कार्षापणं. भिक्खूंचा हिशेब मात्र नाशिकला, पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात. नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष 42 मध्ये 3000 कार्षापणं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त वाढ खायची. त्यातल्या 2000 वर महिना शेकडा एक व्याज. वर्षाचे झाले 240. वर्षावासाला राहणारे भिक्खू 20, प्रत्येकी 12. हिशेब चोख! लेखात शब्द आहेत 'चिवरिक बारसक'. त्यात आपलं 'बारा' ऐकू येतं ना?

काही अभ्यासक म्हणतील, इथे त्याग संपला, व्याज सुरू झालं. मला हे घाईचं वाटतं. मुद्दल भिक्खूंच्या हातात नव्हतंच, ते विणकरांकडे होतं. भिक्खू बाराचा धनी, तोही कापडापुरता. पण एक प्रश्न उरतोच. चिंधी वेचणाऱ्याला कोणाचे उपकार नसतात. ठेवीवर जगणाऱ्याला मात्र राजाचा जावई आठवावा लागतो, आणि त्याचं नाव तर दारावरच कोरलेलं!

पुढे हा शब्द रोजच्या मराठीतून जवळजवळ गेला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, आणि मग तो गावोगावच्या विहारांतून परत आला, त्याच जुन्या अर्थाने.