टीसीपी कोण बोलतं?

१९८२चा डिसेंबर. अमेरिकेच्या अर्पानेट या नेटवर्कवरच्या यंत्रांना तारीख ठरवून दिलेली होती: १ जानेवारी १९८३पासून जुना एनसीपी हा प्रोटोकॉल बंद, पुढचा सगळा व्यवहार टीसीपी-आयपीवर. कोणाची तयारी झाली आहे आणि कोणाचं काम अजून ‘होतंय’ या पायरीवरच आहे, हे पत्रं पाठवून कळणारं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटच्या डेव्हिड स्मॉलबर्ग यांनी सरळ मार्ग धरला. नेटवर्कवरच्या यंत्रांची अधिकृत यादी घेतली आणि एकेका यंत्राशी टीसीपीवरून तीन जोडण्या करून पाहिल्या: टेलनेट, फाइल पाठवण्याचं एफटीपी आणि मेल. म्हणजे पोर्ट (सेवांची क्रमांक दिलेली दारं) २३, २१ आणि २५. कोणी जोडणी घेतली आणि कोणी नाही, हे यंत्राच्या नावापुढे लिहून तक्ता सगळ्यांसाठी जाहीर केला. आरएफसी ८३२ या दस्तऐवजाचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं: टीसीपी कोण बोलतं? पुढचे काही आठवडे ही पाहणी पुन्हा पुन्हा झाली आणि फेब्रुवारी १९८३मध्ये तिचा गोषवारा निघाला.

पोर्ट स्कॅनचं कूळ माझ्या मते इथून मोजायला हवं. या तंत्राचा जन्म चोरीसाठी झाला, असं आजही सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. एकाच प्रश्नाने शेकडो यंत्रांची दारं वाजवायची आणि उत्तरांची यादी करायची, ही रीत जोडणी नीट आहे का हे तपासणाऱ्यांनी पाडली, आणि तीही उघडपणे, आपलं नाव लावून.

पोर्टचे हे आकडे आले कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. सेवांना ठरलेले क्रमांक असावेत आणि ते कोणीतरी एकानेच वाटावेत, असं जॉन पोस्टेल यांनी १९७२मध्येच सुचवलं होतं; ते काम मग त्यांच्याकडेच आलं. एनसीपीची जोडणी एकाच दिशेने चाले. जाण्यायेण्यासाठी क्रमांकांची जोडी लागे, म्हणून सेवांना विषम आकडे मिळत गेले. टीसीपीत एकच जोडणी दोन्हीकडे चालते, तरी विषम आकडे तसेच राहिले आणि मधले सम आकडे बरेचसे मोकळे. टेलनेटवर पासवर्ड उघडाच जातो. १९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या तातू युलोनेन यांनी त्याला पर्याय म्हणून एसएसएच लिहिलं, तेव्हा २१ आणि २३च्या मधला २२ रिकामाच होता. त्यांनी अर्ज केला आणि पोस्टेल यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स यांनी दुसऱ्याच दिवशी तो क्रमांक देऊन टाकला. आज सर्व्हर स्कॅन केले की यादीत बऱ्याचदा दिसणारा आकडा तोच.

एव्हाना चौकशीचा हेतू रुंदावला होता. दार उघडं आहे का, याच्या जोडीला ते उघडं का आहे, हाही प्रश्न आला. एप्रिल १९९५मध्ये डॅन फार्मर आणि विट्झे व्हेनेमा यांनी ‘सेटन’ हे यंत्रणांतल्या फटी शोधणारं साधन खुलं केलं आणि मोठा गहजब झाला, कारण ॲडमिनला दिसणाऱ्या फटी आता कोणालाही दिसणार होत्या. दोघांचं म्हणणं स्पष्ट होतं, आणि ते मला आजही पटतं: स्वतःच्या यंत्रणेकडे घुसखोराच्या नजरेने पाहिल्याशिवाय ती सुरक्षित करता येत नाही.

सप्टेंबर १९९७मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकर-मासिकाच्या ५१व्या अंकात गॉर्डन लायन यांनी ‘फ्योदोर’ या टोपणनावाने एनमॅप छापला. साधारण दोन हजार ओळींचा एकच प्रोग्रॅम. तोवर स्कॅन करण्याच्या युक्त्या वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये विखुरलेल्या होत्या, त्या त्यांनी एकत्र आणल्या. त्यातली हाफ-ओपन स्कॅनची युक्ती जवळून पाहू. टीसीपीची जोडणी तीन निरोपांत होते. आपण ‘सिन’ पाठवतो, समोरून ‘सिन-ॲक’ येतं, मग आपण ‘ॲक’ देतो. हाफ-ओपन स्कॅन पहिला निरोप पाठवतो आणि ‘सिन-ॲक’ आलं की पोर्ट उघडं, एवढं टिपून तिसऱ्या निरोपाऐवजी ‘रीसेट’ पाठवतो. जोडणी पुरी होतच नाही, त्यामुळे त्या पोर्टवर बसलेल्या सेवेच्या लॉगमध्ये सहसा काही उमटत नाही. समोरूनच ‘रीसेट’ आला तर पोर्ट बंद: यंत्र जिवंत आहे, रस्ता मोकळा आहे, फक्त तिथे सेवा चालू नाही. आणि काहीच उत्तर आलं नाही, तर बहुधा मध्ये फायरवॉल निरोप गिळतोय. एनमॅप याला ‘फिल्टर्ड’ म्हणतो.

‘सर्व्हर चालत नाही’ अशी तक्रार आल्यावर सपोर्टवाल्याला हा फरक फार उपयोगी पडतो. बंद असेल तर सर्व्हरवर जाऊन सेवा चालू करा. फिल्टर्ड असेल तर सर्व्हरला हात न लावता आधी फायरवॉलचे नियम बघा. एवढं आधी पाहिलं तर चुकीच्या टीमकडे तिकीट जात नाही.

२०१२मध्ये एका अनामिक संशोधकाने आयपीव्ही४ पत्त्यांवरचं अख्खं इंटरनेट स्कॅन केलं. त्यासाठी टेलनेट उघडं ठेवलेल्या आणि कंपनीतून आलेला पासवर्ड न बदललेल्या सुमारे ४ लाख २० हजार उपकरणांत त्याने परवानगीशिवाय आपला प्रोग्रॅम घुसवला. नकाशा थक्क करणारा निघाला, पण दुसऱ्याच्या यंत्रात शिरून काढलेल्या नकाशाचं समर्थन मला करवत नाही. त्याची गरजही नव्हती. २०१३मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या चमूने झेडमॅप आणला आणि वेगवान जोडणी असलेल्या एकाच यंत्रावरून सगळ्या आयपीव्ही४चं एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत पाहून दाखवलं. स्कॅन कोण आणि कशासाठी करतंय हे उघड सांगावं, नको म्हणणाऱ्याला वगळावं, असे शिष्टाचारही त्यांनी सोबत मांडले. २०१६मध्ये मिराई या मालवेअरने कॅमेरे आणि राउटर बळकावले, तेही प्रामुख्याने पोर्ट २३ वाजवून आणि साठेक ठरावीक पासवर्ड लावून.

भारतात सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांत, सहा तासांत कळवायच्या घटनांच्या यादीतली पहिलीच नोंद महत्त्वाच्या यंत्रणांवरच्या लक्ष्य धरून केलेल्या स्कॅनिंगची आहे. त्यामुळे ग्राहकाचं नेटवर्क तपासणारा इथला टेस्टर आधी लेखी परवानगी घेतो: कोणते आयपी, कोणते पोर्ट, किती ते किती वाजेपर्यंत आणि स्कॅन कुठल्या पत्त्यावरून येणार.