क्रॉसमॅच : एक तळटीप
* क्रॉसमॅच : रक्तगट कळला की काम झालं, असा समज रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये सर्रास आढळतो. रक्तपेढीत मात्र खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. रुग्णाचा सीरम किंवा प्लाझ्मा आणि रक्तदात्याच्या तांबड्या पेशी एकत्र करून गुठळ्या होतात का, पेशी फुटतात का, हे पाहिलं जातं. न्यूयॉर्कमध्ये रूबेन ओटेनबर्ग यांनी १९०७ साली रक्त देण्याआधी अशी चाचणी करून पाहिली होती.

सलाइनमध्ये मिसळून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की 'एबीओ' गटातली गफलत बहुधा तिथेच उघडी पडते. काही प्रतिपिंडे जास्त कावेबाज. ती पेशींना चिकटतात, पण गुठळी करत नाहीत. त्यांना पकडते ती कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी १९४५ मध्ये मांडलेली अँटिग्लोब्युलिन चाचणी. आता हेच काम जेल कार्डावर होतं: गुठळ्या वर अडकतात, सुट्या पेशी तळाशी जातात. निकाल वाचायला सोपा, नजरचुकीला वाव कमी.

एवढा खटाटोप कशाला, याचं उत्तर मुंबईतच आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये 'बॉम्बे' रक्तगटाची नोंद केली. पेशींच्या तपासणीत हे रक्त 'ओ' भासतं. पण त्यात एच प्रतिजन नसतो, उलट त्याविरुद्धची प्रतिपिंडे असतात. त्यामुळे 'ओ' गटाची पिशवीही क्रॉसमॅचमध्ये जुळत नाही. अशा रुग्णाला बॉम्बे गटाचंच रक्त द्यावं लागतं.